शेवटच्या खणातली पट्टी

डीएनए तपासायच्या जेलच्या शेवटच्या खणात पट्टी, म्हणजे डीएनए, दिसली तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. बाहेर पाषाणला धो धो पाऊस. शेवटचा खण ब्लँकचा, म्हणजे कोऱ्या नमुन्याचा. त्यात बर्फ नसतो, नुसतं पाणी आणि रसायनं. तिथं काळोखच हवा.

"मॅडम, आली! बर्फाच्या खणात आली!" माझी विद्यार्थिनी नाचायचीच बाकी होती. ब्लँककडे तिनं पाहिलंच नव्हतं.

बर्फ लडाखच्या हिमनदीतला. गुरूचा चंद्र युरोपा, शनीचा चंद्र एन्सेलाडस, यांच्या बर्फात जीव असलेच तर फार विरळ असणार, म्हणून हात बसवायला असा बर्फ. तुकड्याची साल निर्जंतुक पात्यानं तासायची, गाभा वितळवून 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून सोडायचा, मग गाळणीवर अडकलेल्यातून डीएनए काढायचा. टेबल ब्लीचनं पुसायचं, हातमोजे एकावर एक दोन, आणि तोंड बंद. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी जीवाणू, आमच्या बर्फात मिलिलिटरला जेमतेम काहीशे. पोरीनं सगळं पाळलं होतं, मी शेजारीच उभी होते.

सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनएचा क्रम वाचण्याचा, निकाल आला. ब्लँकमध्ये राल्स्टोनिया नावाचा जीवाणू. बर्फातही बहुतेक तोच. हा गडी अतिशुद्ध पाण्याच्या यंत्रात सुखानं नांदतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्राचं कार्ट्रिज बदलायची मागणी मी तीन महिन्यांपूर्वी केली होती. फाईल परत आली, तीन कोटेशनं जोडा म्हणून. ते कार्ट्रिज बनवणारी कंपनी एकच, तिच्याकडून तीन कोटेशनं आणू कशी?

पण चूक फक्त आमच्याच पाण्याची नाही. अंटार्क्टिकात रशियनांनी साडेतीन किलोमीटरहून जास्त बर्फ भेदून 2012 मध्ये व्होस्टोक सरोवर गाठलं. भोक गोठू नये म्हणून त्यात केरोसीन भरलेलं. मग सापडलेले जीवाणू सरोवरातले की केरोसीनमधले, यावर वाद झाला. ही गत पृथ्वीवर. कॅसिनी यान 2015 मध्ये एन्सेलाडसच्या 49 किलोमीटरवरून, त्याच्या फवाऱ्यातूनच गेलं. त्यात हायड्रोजन सापडला. 2017 मध्ये त्याच यानाला मुद्दाम शनीच्या वातावरणात जाळलं, का तर त्याच्यावर चिकटून गेलेले इथले जंतू उद्या एन्सेलाडसवर पडू नयेत. पत्रकारांचा फोन मात्र ठरलेला: "मॅडम, जीवसृष्टी सापडली का?" ब्लँक कसा होता, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

माझी झोप मात्र वेगळ्याच गोष्टीनं उडवलीय. बर्फात डीएनएचा एक क्रम आहे, ब्लँकमध्ये नाही. रीड्स, म्हणजे यंत्रानं वाचलेले तुकडे, फक्त अकरा. अकराला काही किंमत नाही, हे मीच वर्गात शिकवते.

बर्फ आता अंगठ्याएवढा उरलाय, उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये. पोरगी रोज सकाळी विचारते, "वितळवायचा का आज?"

"कार्ट्रिज येऊ दे गं."