बॅरल नुसतं रिकामं करून भागत नाही

सांगलीच्या जत-आटपाडीकडं फाल्गुन लागला की दारात पाण्याचं बॅरल येतंच, आणि डेंगीचा डासही त्यातच वाढतो. या डासाची, म्हणजे एडिसची, बारीक काळी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या बाजूला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, पाणी भरलं की फुटतात. म्हणून काथ्यानं काठापासून तळापर्यंत खसाखसा घासा, ते पाणी गटारीत नको, मातीवर ओता. उन्हात वाळवा, मगच भरा. अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, त्यामुळे हे दर आठवड्याला हवंच. प्लास्टिकचं झाकण उन्हानं वाकून फट राहते. जुनं धोतर दुहेरी करून दोरीनं आवळलेलं बरं. फ्रीजमागचा पाणी साचणारा ट्रेही ओता, तो हमखास राहतो.