सही त्यांचीच लागते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "लेक तुम्हाला बाबाच म्हणते, मग दत्तक घ्यायचा खटाटोप कशाला?" कोथरूडला आमच्या सोसायटीत, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याचा सूर कौतुकाचा असतो, म्हणून राग येत नाही.

घरात मी बाबा आहे, पण कायद्याच्या लेखी मी तिच्या आईचा नवरा. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक कोण ते सांगताना सावत्र आईवडील त्यात धरायचे नाहीत, असं स्वच्छ लिहिलंय. वारसाहक्काचंही तेच. मृत्युपत्र न करता मी गेलो, तर सावत्र मूल माझं वारस ठरत नाही. मृत्युपत्र मी करीनही हो, पण उद्या तिच्या आईला काही झालं तर पालक म्हणून माझं काय स्थान, हे मृत्युपत्रात लिहून मिळत नाही.

खरी गाठ पुढे आहे. तिचे जन्मदाते वडील ती अंगणवाडीच्या वयाची असतानाच संसारातून निघून गेले. घटस्फोट झाला, ताबा आईला मिळाला. पुष्कळांना वाटतं, ताबा आला म्हणजे सगळं आलं. तसं नाही. ताबा असला तरी दत्तक देण्याला दुसऱ्या पालकाची संमती वेगळी लागते. १९५६ च्याच हिंदू दत्तक कायद्यात या संमतीला अपवाद आहेत : त्या पालकाने संन्यास घेऊन जगाचा कायमचा त्याग केलेला असावा, तो हिंदू राहिलेला नसावा किंवा कोर्टाने त्याला मनोविकल ठरवलेलं असावं. नुसता गायब झालेला बाप या यादीत नाही. हिमालयात जाऊन संन्यास घेतला तर त्याच्या सहीवाचून भागतं, ठाण्याला जाऊन फोन उचलला नाही तर भागत नाही! सात वर्षं कुणालाच काही कळलं नाही तर माणूस मृत धरता येतो, पण हे गृहस्थ चुलतभावांना रोज सकाळी सुप्रभात पाठवत होते.

लोक मला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल पाठवतात. त्यात पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवायचा अधिकार मान्य झाला, आणि कागदोपत्री नव्या नवऱ्याला 'सावत्र वडील' म्हणून दाखवायचा उच्च न्यायालयाचा आदेश क्रूर ठरला. निकाल उत्तमच आहे. पण त्या मुलाचे वडील वारले होते. आमचे हयात.

आम्ही दत्तकाचा दुसरा रस्ता धरला, बाल न्याय कायद्याचा. 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर नवराबायकोने मिळून नोंदणी, संमतीपत्रं, बाल कल्याण समितीची परवानगी आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. पूर्वी हा आदेश कोर्ट देई, सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. ताब्याचा दावा कोर्टात चालू असेल तर मात्र तो निकाली निघेपर्यंत हे सुरूच होत नाही. या रस्त्यावरही जन्मदात्यांची सही होतीच.

ती मिळवून दिली त्यांच्या आईने. साताऱ्याच्या या बाईंनी मुलाला काय सुनावलं ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यांनी आमच्याकडे एकच मागितलं, नातीला भेटू द्या. दत्तकाने जन्मदात्या बापाकडचं नातं कायद्याने तुटतं, तेव्हा त्यांचा हक्क असा काही उरणार नव्हता. बायकोने लगेच हो म्हटलं. मी दोन दिवस घुटमळलो, मग मीही म्हटलं.

या सहीच्या अटीवर मी पुष्कळ चरफडलो. तरी ती काढून टाका, असं मी म्हणणार नाही. भांडणात मूल जाणूनबुजून दूर ठेवलेले बापही मी पाहिलेत, आणि त्यांना न विचारता पोर दुसऱ्याच्या नावावर चढली असती तर? माझं म्हणणं एवढंच की वर्षानुवर्षं मुलाकडे न फिरकलेल्या माणसाची संमती कशी धरायची, हे संन्याशाइतकंच स्पष्ट लिहून ठेवावं.

आदेश देण्याआधी मुलाचं मत वयाप्रमाणे विचारात घ्यावं लागतं. लेकीला विचारलं, तेव्हा तिची शंका वेगळीच होती : आडनाव बदललं की हजेरीत नंबर शेवटी जाणार का? जाणार, म्हटलं. जरा हिरमुसली, पण चालेल म्हणाली.

महापालिकेचा नवा जन्मदाखला आलाय, त्यावर वडील म्हणून माझं नाव आहे. शाळेचं रजिस्टर अजून तसंच. "जूनमध्ये बघू," म्हणतात. तुमच्या ओळखीत कुणी याच वाटेवर असेल, तर त्यांना घटस्फोटाचा हुकूम आणि जन्मदात्याचा चालू पत्ता, दोन्ही आधी शोधायला सांगा. बाकीचे कागद मिळतात.