डीड्स गप्प का बसला?

पिक्चर संपल्यावर दादा एवढंच म्हणाला, "बोलायला काय झालं होतं त्याला?" आणि झोपायला गेला. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

'मिस्टर डीड्स गोज टू टाउन', 1936 चा, दिग्दर्शक फ्रँक काप्राचा. खेडेगावातल्या डीड्सला कधीही न पाहिलेल्या मामाचे दोन कोटी डॉलर मिळतात. मंदीचे दिवस. न्यूयॉर्कमध्ये त्याला हसतात, पेपरवाले टोपणनाव ठेवतात. एक कंगाल शेतकरी तर पिस्तूल घेऊन घरात घुसतो आणि त्याच्या तोंडावर त्याला नावं ठेवता ठेवता स्वतःच ढासळतो. मग डीड्स ठरवतो, भूमिहीनांना दहा-दहा एकर, एक घोडा, एक गाय आणि बियाणं द्यायचं. लगेच कोर्टात अर्ज, की हा वेडा आहे. एखाद्याने सगळं उधळलं असतं तर चाललं असतं, वाटायला काढलं म्हणून वेडा!

आणि तिथे डीड्स झालेला गॅरी कूपर मान खाली घालून बसतो. वकील नको म्हणतो. साक्षीदार येतात, वाटेल ते बोलतात, हा हूं की चूं करत नाही. जिच्यावर जीव जडला तीच त्याची टर उडवणाऱ्या बातम्या छापत होती, हे कळलेलं असतं ना. अशा वेळी आवाज कुठून आणायचा? दादाला हे कसं दिसलं नाही?

वाटणीच्या बैठकीत मीही बोलले नव्हते. त्याचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीने लावला. आईनेसुद्धा. असो.

रात्री फार वाईट वाटत होतं. त्याच्यासाठी ती पत्रकार भर कोर्टात उभी राहिली, गॅलरीतले शेतकरी ओरडले. माझ्या बाजूने कोण होतं?

सकाळी मात्र तोच प्रसंग पुन्हा लावला. बोलायला लागल्यावर तो स्वतःच्या चांगुलपणाबद्दल आधी काही सांगतच नाही. ट्यूबा, ते फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य, वाजवला की विचार सुचतात, म्हणतो. मग त्याला वेडा ठरवणाऱ्या डॉक्टरने कागदावर काढलेल्या रेघोट्या दाखवतो. प्रत्येकाची काही ना काही सवय असते, एवढंच त्याचं म्हणणं. कोर्ट हसतं आणि त्याच्या बाजूला झुकतं. म्हणजे शब्द होते त्याच्याकडे, त्या दुखण्यातून वर यायला वेळ लागला इतकंच. मलाही लागतोय. लागू दे.

दादा रविवारी येणार आहे. हा प्रसंग त्याला पुन्हा दाखवणार, आणि या वेळी शेजारी बसून बोलणारही आहे.