एकाच गाडीतल्या दोन सीट

गाड्यांच्या सीट उसवून नव्याने शिवण्याचे काम करणाऱ्याला ‘लेदर घालू की कापड?’ हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. बंद छताच्या गाडीपुरते त्याचे उत्तर अवघड नसते, कारण तिथे तो बहुधा आवडीचा आणि ऐपतीचा प्रश्न असतो. उघड्या छताच्या, खडकांतून आणि ओढ्यांतून जाणाऱ्या गाडीत मात्र ऊन, पाऊस आणि धूळ सीटवर थेट पडते. अशीच एक गाडी अलीकडे माझ्याकडे आली. आधीच्या मालकाने तिची चालकाची सीट लेदरची करून घेतली होती आणि शेजारची सीट कंपनीच्या मूळ कापडातच राहिली होती. एकाच गाडीत, एकाच पावसात भिजलेल्या दोन प्रकारच्या सीट एकाच दिवशी उघडून पाहण्याचा योग आमच्या धंद्यात क्वचितच येतो.

गाडीच्या सध्याच्या मालकीणबाई खडकांचे सर्वेक्षण करतात आणि आठवड्यातले बरेच दिवस छत काढूनच फिरतात. त्यांची मागणी सरळ होती. शेजारची सीटही लेदरची करायची होती, कारण गाडीत कुबट वास येत होता आणि तो डागाळलेल्या कापडातून येतो, याची त्यांना खात्री होती. दिसायलाही तसेच होते. कापडाचा रंग खांद्यापाशी उडाला होता, बसण्याच्या जागी चिखलाचे कडे उमटले होते आणि एका बाजूला धागे ओढले गेले होते. लेदरची सीट मात्र नुकतीच पुसल्यासारखी नीटनेटकी दिसत होती.

हल्लीच्या बऱ्याच सीटच्या कुशीत एअरबॅग असते, म्हणून सीट काढण्यापूर्वी बॅटरी सोडवून काही वेळ थांबावे लागते आणि मगच सीटखालचा पिवळा कनेक्टर काढायचा असतो. लेदरची सीट उलटी केल्यावर पहिला धक्का तिथेच बसला. एअरबॅगच्या बाजूची शिवण ठराविक दाबाला फाटावी म्हणून कंपनी ती मुद्दाम वेगळ्या दोऱ्याने घालते. आधीच्या कारागिराने तिथे जाड दोऱ्याची दुहेरी शिवण मारली होती. ज्याला हे ठाऊक नाही त्याने सीटला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात कारागिराइतकाच दोष ‘दोन दिवसांत करून द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचाही असतो.

मग आवरण आत बांधून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या, म्हणजे हॉग रिंगा, कापून आवरण सोलले आणि वास कुठून येत होता ते कळले. लेदरची खालची, खडबडीत बाजू बुरशीने करडी पडली होती, रिंगा गंजल्या होत्या आणि फोम तळहाताने दाबल्यावर बोटांमधून पाणी आले. गाडी माझ्याकडे येण्याआधी बरेच दिवस पाऊस झालेला नव्हता. कापडाच्या सीटखालचा फोम मात्र कोरडा होता.

याचे कारण शिवणीत आणि भोकांत आहे. गाडीच्या लेदरवर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर असतो, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर पाणी थांबते आणि पुसता येते. पण लेदरची सुई धाग्यांतून वाट काढत नाही, ती कातडे कापत जाते आणि ते छिद्र पुन्हा मिटत नाही. शिवाय या सीटच्या मधल्या भागाला हवा खेळावी म्हणून बारीक भोके पाडलेली होती. ओल्या सीटवर माणूस बसला की फोम दबून आतली हवा बाहेर पडते, आणि तो उठला की फुगणारा फोम वर साचलेले पाणी त्या छिद्रांतून आत ओढून घेतो. गाडी डोंगरात हिंदकळत असेल तर हा पंप दिवसभर चालू राहतो. आत गेलेल्या पाण्याला परतीची वाट जवळपास नसते, कारण वर थर दिलेले कातडे आणि खाली पत्र्याचा तवा असतो. कापड पाणी लगेच पिते, हे खरे आहे, पण तेवढ्याच मोठ्या पृष्ठभागातून ते सोडतेही.

‘लेदर म्हणजे पुसले की झाले’ हे शोरूममधले वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही. ते बंद गाडीतल्या सांडलेल्या चहाबद्दल बरोबर आहे, उघड्या गाडीतल्या पावसाबद्दल नाही. तीच गोष्ट धुलाईवाल्यांची. छत उघडे दिसले की ते दाबाच्या पाण्याची नळी थेट सीटच्या शिवणींवर धरतात आणि शेवटी चकाकीसाठी सिलिकोनचा फवारा मारतात. आधीच निसरडे असलेले लेदर त्याने आणखी निसरडे होते आणि पुढे कधी त्यावर रंगाचा थर द्यायचा झाला तर तो नीट धरत नाही.

माझ्याकडे शिलाईला बसणारे काका लेदरचे कट्टर अभिमानी आहेत. त्यांनी कापडाच्या सीटचा फोम टेबलावर आपटला आणि त्यातून पिठासारखी बारीक धूळ उडाली. त्यांचा मुद्दा खरा होता. कापडातून पाणी निघून जाते, पण धूळ आतच राहते आणि प्रत्येक हिसक्याला फोम आणि कापडाची मागची बाजू घासत राहते. कापडाला मागून चिकटवलेला पातळ फोम जागोजागी भुगा झाला होता.

दोन्ही आवरणे मी बाईंसमोर ठेवली. त्या बराच वेळ बुरशीकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या सीटला नावे ठेवत होते.” तिसरा पर्याय बोटींसाठीच्या रेक्झिनचा होता. २०२१ साली पुन्हा बाजारात आलेल्या फोर्ड ब्रॉन्कोच्या काही प्रकारांत कंपनीनेच तशा सीट दिल्या आहेत. पण दिवसभर घामाने पाठ चिकटते म्हणून त्यांनी तो नाकारला. कडक उन्हात गडद लेदर ६०-७० अंशांपर्यंत तापते, तो चटकाही त्यांनी सोसलेला होता. शिवाय आडव्या उतारावर लेदरवरून शरीर घसरते आणि तोल राखण्यासाठी चालकाला स्टीअरिंगच धरून ठेवावे लागते, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. म्हणून त्यांची स्वतःची सीट कापडाची करायचे ठरले. सपाट विणीचे पॉलिएस्टर निवडले. त्याचा रंग धागा बनतानाच मिसळलेला असतो, त्यामुळे तो उन्हात लवकर उडत नाही.

शेजारच्या सीटवर मात्र त्यांचे वडील बसतात. त्यांचा खुबा दुखरा आहे आणि उंच गाडीत चढताना त्यांना सीटच्या कडेवर टेकून आत सरकावे लागते. कापडावर पँट अडकते, लेदरवर ते सहज सरकतात. तेव्हा ती सीट लेदरची झाली, म्हणजे गाडीत पुन्हा एक-एकच राहिले, फक्त जागा बदलल्या. या वेळी लेदरला भोके नाहीत, बसण्याच्या भागात एकही शिवण नाही, जोड सगळे उभ्या कडेवर आणले आहेत आणि टाका चार मिलिमीटरचा ठेवला आहे, कारण जवळजवळ टाके मारले की कातडे त्या रेषेवरच फाटते. दोरा बाँडेड, म्हणजे पीळ सुटू नये म्हणून वर लेप दिलेल्या, पॉलिएस्टरचा घेतला. सुती दोरा ओलाव्याने कुजतो आणि नायलॉन उन्हाने कमजोर पडतो. दोन्ही सीटचा वरचा फोम पाणी खाली झिरपू देणाऱ्या मोकळ्या जाळीचा घातला. एअरबॅगच्या बाजूला मात्र माझा दोरा लागला नाही. ती कड मूळ सीटच्या आवरणाचीच मागवली.

तरीही एक शंका जात नाही. चालकाची सीट रोज बसून दाबली जात होती, शेजारची बरेचदा रिकामी असायची. लेदरच्या सीटमध्ये एवढे पाणी शिरले ते कातड्यामुळे जास्त की त्या सततच्या दाबामुळे जास्त, हे दोन आवरणांवरून ठरवता येत नाही. काकांचे म्हणणे आहे की शिवणींना मागून पट्टी चिकटवून त्या बंदच करायला हव्या होत्या. मी त्याला नकार दिला, कारण कडेने किंवा खालून शिरणारे पाणी मग कायमचे आत राहील. ते अजूनही सहमत नाहीत आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा जुना आहे, म्हणून मी तो विषय सोडून दिलेला नाही. तूर्त दोन्ही सीटच्या तळाला प्लास्टिकची चेन लावून दिली आहे. गाडी भिजली की त्याच संध्याकाळी फोम बाहेर काढून उभा वाळवायचा, हे बाईंना करून दाखवले आणि एकदा त्यांच्याकडूनही करवून घेतले.