पोरींना डेरिंग कमी असतं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर सकाळी पोरापोरींचं रनिंग घेतो, तिथं कुणीतरी पालक हमखास विचारतात, "काय वो सर, पोरींना डेरिंग कमी असतं काय?"

मला तसं वाटत नाही. पोरं स्वतःचा अंदाज फुगवून लावतात, पोरी त्यामानानं कमी फुगवतात, एवढंच. हिंडलग्याकडं लाँग रन काढला की पोरं पहिल्याच किलोमीटरला सुसाट सुटतात आणि परत येताना चढाला कमरेवर हात ठेवून चालायला लागतात, तेव्हा पोरी आपल्या त्याच पेसनं शेजारनं निघून जातात. अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉनच्या सुमारे ९२ हजार रनर्सच्या टायमिंगचा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात सेकंड हाफला पुरुष सरासरी १५.६ टक्के स्लो झाले, बायका ११.७ टक्के. शरीराचाही त्यात भाग असणार, बायकांचं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, जरा सावकाश संपतं म्हणतात, पण सुरुवातीचा जोश तर आम्ही रोज बघतोय.

पण शर्यतीचा फॉर्म भरायची वेळ आली की हाच स्वभाव पोरींना नडतो. दहा किलोमीटर कसंबसं काढलेला पोरगा बिनधास्त २१ किलोमीटरवर टिक करतो, आणि अठरा आरामात पळणारी पोरगी पेन हातात धरून म्हणते, "पुढच्या वर्षी बघू की सर." २००७ च्या एका प्रयोगात तर नुसत्या बेरजा करायच्या होत्या, बायका-पुरुष दोघांनाही सारख्याच जमल्या, तरी दुसऱ्यांशी स्पर्धा लावून, जिंकलं तरच पैसे घ्यायला ७३ टक्के पुरुष तयार झाले आणि बायका फक्त ३५ टक्के.

हे रक्तातच असतं म्हणाल तर मेघालयातले खासी लोक बघा, तिथं वारसा आईकडनं लेकीकडं जातो, आणि तिथल्या एका प्रयोगात बादलीत चेंडू टाकायच्या खेळात स्पर्धा निवडणाऱ्या बायका पुरुषांपेक्षा जास्त निघाल्या. आपल्याकडं पोरगा गाडीवरनं पडला तर "होतंय, ऊठ" आणि पोरगी नुसती धडपडली तरी "पाय मोडला तर लग्न कोण करणार?" हे ऐकत वाढलेली पोरगी २१ वर टिक कशी करंल? तरी आपल्या बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये कुराशचं, म्हणजे कुस्तीसारख्या एका खेळाचं, ब्राँझ आणलंच की!

म्हणून हल्ली फॉर्मच्या वेळी मी कुणाला "तुला काय वाटतं" विचारत नाही, वहीतलं टायमिंग बघतो आणि सरळ अंतर सांगतो. पोरी ऐकतात. फीचे पैसे द्यायला घरचे का-कू करतात, तिथं मात्र माझी वही काही कामाला येत नाही.