तुसाँच्या दिवशी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५
लॅफियेट, लुइझियाना

रात्रीचे साडेदहा वाजलेत. नखांच्या कडांना अजून चुना आहे. दोनदा हात धुतले तरी गेला नाही.

आज ला तुसाँ, सगळ्या संतांचा सण. इथल्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकन, फ्रेंच, आदिवासी अशा मिश्र वारशाच्या, कॅथलिक घरांत आजच्या दिवशी आपापल्या माणसांच्या थडग्यांपाशी जायचं असतं. चुना खरं तर गेल्या शनिवारीच देऊन झाला होता, पण शेजारच्या आजींच्या आईच्या थडग्याचा एक कोपरा पावसाने धुऊन निघाला होता. तेवढ्यावर सकाळी पुन्हा हात फिरवला. मग शेवंतीच्या कुंड्या मांडल्या. माझ्या मनात शेवंती म्हणजे दसऱ्याचं तोरण. इथे ती थडग्यांवरची.

स्मशानभूमी बायू टेश या संथ प्रवाहाच्या काठाला, चारही बाजूंनी ऊस. इकडे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तोड चालते. त्याला सगळे नुसतं 'ग्राइंडिंग' म्हणतात. रस्त्यावर उसाच्या ट्रकांची रांग, मागे सांडलेली कांडी, कारखान्याकडून येणारा तो गोडसर, जळका वास. मी सांगलीकडची. गळीत हंगाम सुरू झाला की घरी जसा वास यायचा, अगदी तोच. अकरा वर्षं झाली इथे येऊन, पण नोव्हेंबरात गाडीची काच खाली केली की अजून घशाशी काहीतरी येतं.

आजी ८१ वर्षांच्या आहेत. नातवंडं त्यांना मॉमॉ म्हणतात. मी पहिल्या वर्षी चुकून 'आजी' म्हटलं, त्यांना आवडलं, तेच राहिलं. त्या मला 'शा' म्हणतात. फ्रेंचमधल्या 'शेर'चं इथल्या तोंडात झालेलं रूप. आपण 'बाळा' म्हणतो तसं. आईच्या थडग्याशी त्या वाकून उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. प्रार्थना नव्हती ती. घरातल्या बातम्या होत्या: कोणाला मूल झालं, कोणाचं घर विकलं गेलं. सगळं क्रिओलमध्ये. या भाषेला आता कुरी-विनी म्हणतात. त्यातली ही दोन क्रियापदं, 'कुरी' म्हणजे जाणं आणि 'विनी' म्हणजे येणं. जिचं नावच ये-जा आहे अशी भाषा मी दुसरी ऐकलेली नाही.

मागे नातू, सून, भाचे, सगळे उभे. कोणालाही एक वाक्य कळत नव्हतं. सगळे शांत मात्र होते.

आजी एरवी हे सांगत नाहीत, पण चुना वाळेपर्यंत आम्ही दोघी बाकावर बसलो तेव्हा बोलल्या. १९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानातल्या सरकारी शाळांत फक्त इंग्रजी ठेवली. आजी शाळेत गेल्या तेव्हा त्यांना इंग्रजीचा गंधही नव्हता. बाथरूमला जाऊ का, हे विचारायला शब्द नव्हते, म्हणून घरच्या भाषेत विचारलं. कोपऱ्यात मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून उभं केलं. सहा वर्षांची मुलगी. "म्हणून मी माझ्या मुलांशी क्रिओल बोलले नाही, शा. त्यांचे गुडघे वाचवले." त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. मला काही बोलता आलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले.

दुपारी पाद्री आले, रांगेरांगेतून पवित्र पाणी शिंपडत गेले. मेणबत्त्या लागल्या. आजींच्या पिशवीत एक मेणबत्ती उरली होती. ती त्यांनी कुठल्याच थडग्यावर न ठेवता कुंपणाजवळच्या गवतात लावली. "आमेदेसाठी," म्हणाल्या.

आमेदे आर्दवाँ. क्रिओल अ‍ॅकॉर्डियनवाला. १९२९ मध्ये त्याने डेनिस मॅगी या केजन, म्हणजे इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या गोऱ्यांतल्या, फिडलवाल्याबरोबर ध्वनिमुद्रिका केल्या. त्या काळात, या भागात, काळा आणि गोरा एका तबकडीवर! आज केजन संगीत आणि झायडेको, म्हणजे क्रिओलांचं नाचाचं संगीत, दोन्हींकडचे लोक त्याला मूळपुरुष मानतात. सांगतात ते असं, की एका गोऱ्यांच्या घरच्या नाचात वाजवताना तो घामाघूम झाला, घरातल्या मुलीने घाम पुसायला रुमाल दिला आणि त्याने तो घेतला. एवढ्यावरून परतीच्या वाटेवर त्याला मरणाचं मारलं. नंतर तो पूर्वीसारखा राहिला नाही. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात वारला. तिथल्या दफनभूमीत नेमका कुठे पुरलाय, त्यावर खूण नाही. घरच्यांना त्याला परत आणायचं होतं, पण आणणार कुठून? शेवटी २०१८ मध्ये ऑपेलूससला त्याचा पुतळा उभारला. मी पाहिलाय तो. पण चुना द्यायला थडगं नाही, ही गोष्ट आज गवतातली ती ज्योत बघेपर्यंत मला नीट समजली नव्हती.

तिथून सगळे आजींच्या थोरल्या दिराकडे. ते नातवाचे पारॅन, म्हणजे धर्मपिता. इथे पारॅन आणि नॅनॅन ही नाती फार मोठी, काका-मामांच्या वरची. गम्बो त्यांनी केला होता. आधी रू: तेलात पीठ घालून मंद आचेवर भाजत राहायचं, चॉकलेटी होईपर्यंत. हात थांबवायचा नाही, फोन घ्यायचा नाही, जरा करपलं की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. बेसनाचे लाडू करणाऱ्या कोणालाही हे वेगळं शिकवावं लागणार नाही. रूमध्ये कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, मग कोंबडी आणि सॉसेज, वर उन्हाळ्यात परसातून काढून फ्रीजरमध्ये ठेवलेली भेंडी. 'गम्बो' हा शब्दच मुळात भेंडीचा. आफ्रिकेतून माणसांना बांधून आणलं, त्यांच्याबरोबर भेंडी आली आणि तिचं नावही आलं. शेवटी वरून फिले घालायचं, सासाफ्रासच्या वाळक्या पानांची पूड. ती चॉक्टो आदिवासींकडून आलेली. क्रिओल म्हणजे नक्की कोण, यावर इथे तासन्‌तास वाद होतात. मला ते या पातेल्यावरून कळलं.

आणि मला त्यातलं काहीच चालणार नव्हतं! आज कार्तिकी एकादशी. मी भीतभीतच सांगितलं, पाहुण्याने न जेवणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पारॅननी एकच विचारलं, "लेंटसारखं?" ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत त्यांच्याकडेही शुक्रवारी मांस नसतं. मी हो म्हटल्यावर ते आत गेले आणि भट्टीतून चार भाजलेली रताळी घेऊन आले. ऑपेलूससकडची, लाल सालीची, फोडली की आतून पाक निथळणारी. उपवासाला रताळं! त्यांना काय दिलंय हे त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा आजींनी टाळ्याच वाजवल्या.

टाळ्यांवरूनच मग पुढचं निघालं. आजी म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी लेंटमध्ये वाद्यं बंद. तेव्हा लोक जुरे गायचे: नुसत्या टाळ्या, नुसता पायांचा ठेका, एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. त्यांनी दोन ओळी म्हणून दाखवल्या. बसल्या जागी टाच आपटत, डोळे मिटून. लेंट नव्हता तेव्हा घरोघरी 'लाला', म्हणजे घरगुती नाच, व्हायचे. खुर्च्या-टेबलं अंगणात काढायची, खोली मोकळी करायची, एक अ‍ॅकॉर्डियन पुरे. त्यातूनच पुढे झायडेको झाला, आणि क्लिफ्टन शनिएने तो जगभर नेला. त्याच्या जन्माला यंदाच्या जूनमध्ये शंभर वर्षं झाली. खांद्यावर अडकवून घासत वाजवायचा नालीदार पत्र्याचा फ्रोत्वा त्याचीच कल्पना: १९४६ साली टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरच्या तेल कारखान्यातल्या विली लँड्री या कारागिराला त्याने मातीत चित्र काढून दाखवलं. त्याआधी लोक कपडे धुवायचा फळाच गळ्यात अडकवून घासायचे.

नातू सतरा वर्षांचा आहे. त्याने दहा बटणांचा अ‍ॅकॉर्डियन काढला. भाता दाबला की एक सूर, ओढला की त्याच बटणातून दुसरा. माझ्या बाबांच्या पेटीत एका पट्टीचा एकच सूर, त्यामुळे हे मला अजून गूढच वाटतं. आत थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या मात्र दोन्हींत बहिणी-बहिणी. डोळे मिटले तर भजनी मंडळाची खोली आठवते. धाकट्या भाच्याने फ्रोत्वा अडकवला, हातात घासायला बाटल्या उघडायचे ओपनर.

पोरगा गात होता फ्रेंच, ध्वनिमुद्रिका ऐकून पाठ केलेलं. मध्येच थांबला आणि म्हणाला, "मॉमॉ, 'लेझारिको सों पा साले' म्हणजे काय ते मला माहितीये, शेंगांना मीठ नाही. पण असं गाणं कोण कशाला म्हणेल?"

झायडेको हा शब्दच त्या 'लेझारिको'तून आला असं मानतात. आजी उठल्या, गम्बोच्या पातेल्याचं झाकण काढलं आणि त्याला जवळ बोलावलं. मीठ म्हणजे खारवलेलं मांस, म्हणाल्या. शेंगांत टाकायला तोही तुकडा घरात नसायचा. "कसे आहात विचारलं तर कोणी 'आम्ही भुकेले आहोत' म्हणत नसे. शेंगांना मीठ नाही म्हणायचे. समोरच्याला कळायचं." पोरगा बराच वेळ पातेल्यात बघत राहिला. मग खिशातून फोन काढला आणि म्हणाला, आता जुरेच्या त्या दोन ओळी परत सांग, हळू. तो लिहीत होता, स्पेलिंग चुकवत, आणि आजी प्रत्येक शब्द तीनदा म्हणत होत्या. साठ-सत्तर वर्षांत त्या भाषेत त्यांना कोणी काही शिकवा म्हणालं नसेल.

माझी लेक त्यांच्या शेजारीच बसली होती, बारा वर्षांची. येताना गाडीत तिने विचारलं, "आई, आरतीत आपण 'निर्वाणी रक्षावे' म्हणतो, ते निर्वाणी म्हणजे काय?" तिला आरती तीन वर्षांची असल्यापासून पाठ आहे. कधी विचारलं नव्हतं, मीही कधी सांगितलं नव्हतं. उसाचे ट्रक मागे टाकत घरी येईपर्यंत आम्ही सगळी आरती शब्द सोडवत म्हटली. दोन ठिकाणी मी अडले. उद्या बाबांना फोन करून विचारायचं.

निघताना पारॅननी डबाभर गम्बो दिला. उद्या द्वादशी, उपवास सोडायच्या जेवणाला आमच्याकडे 'पारणं' म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना वाटलं मी त्यांनाच हाक मारली. "हो, मीच," म्हणाले. डबा फ्रीजमध्ये ठेवलाय.