गुडघ्याएवढी राणी, राजाएवढी राणी

आमची इजिप्तची सगळी आखणी एका राणीभोवती झाली. नेफर्तारी, रामसेस दुसरा याची पट्टराणी, इसवी सनपूर्व तेराव्या शतकातली. आई आणि मी, दोघीच होतो. मुंबईहून कैरो, पिरॅमिडना एक दुपार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने लक्झर.

नेफर्तारीचे आईवडील कोण, हे कुठे कोरलेलं नाही. राजकन्येचा किताब तिच्या नावापुढे कधी लागत नाही, म्हणजे ती राजाची लेक नव्हती. तरी 'दोन्ही भूमींची', म्हणजे वरच्या आणि खालच्या इजिप्तची, 'स्वामिनी' म्हणून ती मिरवली. इजेतनोफ्रेत ही तिची सवतही मोठ्या मानाची होती आणि राजाचा पुढचा वारस मेरेनप्ताह त्या सवतीचा मुलगा. मग नेफर्तारीचा मान मोजायचा कशावरून? तिला कुठे आणि किती उंच उभी केली, यावरून. म्हणून माझा आग्रह आहे की तिची ठिकाणं क्रमाने बघा: आधी लक्झरचं देऊळ, मग अबू सिंबेलची देवळं आणि तिचं थडगं सगळ्यात शेवटी.

लक्झरच्या देवळात संध्याकाळी जा. ते रात्रीपर्यंत उघडं असतं आणि दिव्यांच्या तिरप्या उजेडात कोरीवकाम नीट उठून दिसतं. रामसेसच्या चौकात त्याचे प्रचंड पुतळे आहेत. त्यांच्या पायाशी वाकून बघा. राजाच्या पायाला लागून एक लहानशी बाई उभी आहे, जेमतेम त्याच्या गुडघ्याएवढी. तीच नेफर्तारी. शिल्पात दर्जाप्रमाणे उंची द्यायची, अशी तिथली रीत होती.

दुसऱ्या दिवशी लक्झरमधल्याच कर्नाकच्या देवळात गेलात तर खांबांच्या दालनातून दक्षिणेकडे बाहेर पडून भिंत बघा. रामसेसने तुर्कस्तानातल्या हित्ती राज्याच्या राजाशी इसवी सनपूर्व १२५९ मध्ये केलेला तह तिथे कोरला आहे. त्या तहानंतर नेफर्तारीने हित्ती राणी पुदुहेपाला पत्र पाठवलं. तुर्कस्तानात हित्तींच्या राजधानीत ती मातीची पाटी सापडली. पत्रात ती स्वतःला पुदुहेपाची बहीण म्हणवते, खुशाली विचारते आणि सोबत बारा पदरी सोन्याचा हार आणि रंगीत वस्त्रं पाठवते. दोन राज्यांचं वैर मिटल्यावर दोन घरच्या बायकांनी अहेर करावा, तसंच हे. मला तिच्या दर्जाचा हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण इथे ती नवऱ्याच्या पायाशी उभी नाही, स्वतःच्या नावाने बोलते आहे.

मग आस्वान. तिथून अबू सिंबेल २८० किलोमीटर. पहाटे चारला निघालो, साडेतीन तास लागले. हॉटेलला आदल्या रात्रीच डब्यात नाश्ता बांधून द्यायला सांगा आणि पाणी भरपूर घ्या. वाटेत वाळवंटाशिवाय काही नाही. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्यकिरण मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात पोचतात, तेव्हा अफाट गर्दी होते. शांतपणे बघायचं असेल तर त्या तारखा टाळा.

गाड्यांमधून उतरणारी सगळी माणसं मोठ्या देवळाकडे धावतात. तुम्ही आधी धाकट्या देवळाकडे वळा. आम्हाला तिथे जवळजवळ वीस मिनिटं एकांत मिळाला. हे देऊळ हाथोर देवीचं आणि नेफर्तारीचं. दर्शनी भिंतीत दहा मीटर उंचीचे सहा पुतळे आहेत, चार राजाचे आणि दोन तिचे. उंची सारखीच! लक्झरची ती गुडघ्याएवढी बाई डोळ्यांसमोर असली, तरच हे बघताना अंगावर काटा येतो. इजिप्तमध्ये राणीला असा मान फार क्वचित मिळाला. 'जिच्यासाठी सूर्य प्रकाशतो' असं रामसेसने तिच्याबद्दल इथे कोरून ठेवलं आहे. आत इसिस आणि हाथोर या दोघी देवी तिच्या डोक्यावर मुकुट ठेवताहेत, ते चित्र चुकवू नका. वाटाड्याला आत बोलायला परवानगी नाही, तेव्हा त्याच्याकडून बाहेरच सगळं समजून घ्या.

परत रेल्वेने लक्झर. नाईलच्या पश्चिम तीरावर होडीने जाऊन तिथून टॅक्सी दिवसभरासाठी ठरवली. राण्यांच्या खोऱ्यातलं नेफर्तारीचं थडगं इटालियन संशोधक स्कियापारेली यांना १९०४ मध्ये सापडलं, तेव्हा ते आधीच लुटलेलं होतं. तिकीट वेगळं आणि बरंच महाग, आत जेमतेम दहा मिनिटं. ते अधूनमधून बंद ठेवतात, म्हणून विमानाचं तिकीट काढण्यापूर्वीच उघडं आहे का याची चौकशी करा. खिडकीवर रोख घेतली नाही, कार्डच लागलं.

आत उतरायला जिना आहे. आईचे गुडघे दुखतात, तरी कठडा धरून सावकाश उतरता आलं. छत गर्द निळं, त्यावर सोनेरी चांदण्या. पांढऱ्या झिरझिरीत वस्त्रातली राणी पट खेळायला एकटी बसली आहे, देवांपुढे उभी आहे, इसिसने तिचा हात धरला आहे. खडकातल्या मिठाने हा गिलावा फुगून सुटत होता. १९८६ ते १९९२ या काळात गेटी संस्था आणि इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याने तो जागच्या जागी वाचवला. अजिंठ्याची चित्रं पाहिलेल्या माणसाला यातलं कष्टाचं मोल वेगळं सांगायला नको. इथे माणसांच्या श्वासाची वाफही घातक, म्हणून वेळेचं बंधन निमूट पाळा.

आईने हळूच विचारलं, "अगं, राजा कुठे दिसत नाही?" खरंच, रामसेस त्या थडग्यात कुठेही नाही. देवांसमोर ती स्वतःच उभी आहे.

तिच्या ममीचे म्हणून ओळखले गेलेले गुडघ्यांचे अवशेष आणि गवताच्या चपला इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहेत. आम्ही आता तिकडचे पैसे साठवायला लागलो आहोत.